ढवळीचा विटाळ

आमच्या घरात काय शिवायचं आणि काय नाही, ते आत्या ठरवी. ती बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली, नवरा तापाने मेला, परत आली, आणि आली ती राहिलीच. शेत, बैल, गडी, बाजार ही बाबांची हद्द; उंबऱ्याच्या आत आत्याचं राज्य. माझी आई चुलीवर तवा ठेवायच्या आधीसुद्धा एकदा तिच्याकडे बघून घेई. आत्या वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं. ती नेमाची होती, आणि नेम पाळताना समोरच्याचं काय होतंय ते बघत बसायचं नसतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठे, अंगणात सडा टाकी, मग जात्यावर बसे. जात्याची घरघर मध्येच थांबली की आम्ही समजायचं, आता ती काहीतरी बोलणार.

घरातल्या बाईला कावळा शिवला की ती गोठ्यात जाई. हल्लीच्या मुलींना हे सांगावं लागतं: कावळा खरोखर शिवत नाही. महिन्याच्या अडचणीला तसं म्हणायचे, म्हणजे पुरुषांना समजून न समजल्यासारखं करता येई. आत्याचा कावळा मात्र केव्हाच उडून गेला होता. गोठा घराच्या मागे होता. कारवीचा कूड, त्याला शेणामातीचा गिलावा, वर पेंढा. एका बाजूला बैल आणि गाय, दुसऱ्या बाजूला बाईची जागा, मध्ये एक आडवा वासा. जेवण पळसाच्या पानावर येई. नाचणीची भाकरी, वर अंबाडीची भाजी नाहीतर सुक्या जवळ्याची चटणी. आत्या ते पान खाली ठेवून मागे सरे, मग आपण उचलायचं. पाणी वरून ओंजळीत. अंथरायला मात्र घोंगडी मिळे, कारण घोंगडीला विटाळ नसतो. सुताला असतो, लोकरीला नसतो. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. थंडीच्या दिवसांत मात्र, ज्याने ठरवलं त्याचं भलं होवो असं वाटे.

त्या गोठ्यात सगळ्यात जास्त दिवस काढले ते धाकट्या काकीने. ती बाबांच्या धाकट्या भावाची बायको, माहेर मुरबाडच्या पलीकडचं. तिला एक मूल झालं, ते पोटातच गेलेलं होतं. बाळंतपणानंतर ती तापाने फणफणली. अंगावरचं जे जायचं ते एकाएकी थांबलं, पोट ताठ झालं, आणि ती आता जगत नाही म्हणून तिच्या आईला मुरबाडहून बोलावून घेतलं. मग ते आपोआप मोकळं झालं आणि ती वाचली. पण तेव्हापासून तिचं अंगावर जाणं कधी सुरू होई, कधी थांबे, त्याला काही ताळमेळ राहिला नाही. म्हणून निम्मं आयुष्य गोठ्यात. काका रेल्वेत गँगमन होता, उंबरमाळीच्या बाजूला लाइनीवर. सुट्टीला घरी यावं तर बरेचदा बायको गोठ्यात. मग तो बाहेर उभा राहून तिच्याशी बैलांविषयी बोले. बैलांशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं.

ढवळी आमची कुत्री. पांढरी, कानांशी मळकट, शेपूट वाकडं. तिच्या अंगावरून कोणी हात फिरवलेला मला आठवत नाही. भात पिकायला आलं की रानातून डुकरं उतरत आणि ढवळी त्यांच्या अंगावर जाई. एकदा डुकराने तिची मांडी फाडली. हळद भरून फडकं बांधलं, तर दुसऱ्या दिवशी फडकं खाऊन पुन्हा बांधावर. बाबा म्हणत, राखणीला गडी ठेवण्यापेक्षा ही बरी, ही तंबाखू मागत नाही. तिला खायला घालायचं काम माझं. उरलेली पेज, भाकरीचे तुकडे, जवळा धुतलेलं पाणी.

ढवळी माजावर आली की तिलाही रक्त जाई, आणि आत्याच्या लेखी विटाळ तो विटाळ, दोन पायांचा असो की चार पायांचा. तेवढे दिवस ढवळीला गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात बांधून ठेवत. त्याच कोपऱ्यात तिची आई बांधली जाई, आणि तिच्याही आधीच्या कुत्र्या. आई एकदा धीर करून म्हणाली, "आक्का, कुत्रीला कावला कसा शिवंल? ती त्याला खाऊन टाकंल." मला हसू आलं. आत्याला आलं नाही.

त्या साली भात कापून खळ्यावर आलं होतं. ढवळी माजावर येऊन गेली होती, गावभरची कुत्री आमच्या दाराशी भांडून परत गेली होती, ढवळी सुटून अंगणात आली होती. आणि मग महिनाभराने तिचं पुन्हा जायला लागलं. या वेळी ते रक्त नव्हतं. घट्ट, पिवळट, मध्येच तांबूस, आणि वास असा की बैल तोंड फिरवीत. आत्याने नाक दाबलं आणि ढवळीची रवानगी पुन्हा मागच्या कोपऱ्यात केली. बाई चार दिवसांनी न्हाऊन सुटते. ढवळी सुटेना. रोज सकाळी आत्या लांबून वाकून बघे, आणि रोज म्हणे, "अजून हायच की गो हिचं." खाणं कमी झालं, पाणी मात्र ती बैलासारखं पिई. मी डबडं भरून ठेवी, ते संपवून ती माझ्याकडे बघत बसे.

त्याच सुमारास मला पहिल्यांदा कावळा शिवला. आईने साखर हातावर ठेवली, आत्याने गोठ्याकडे बोट दाखवलं. आत काकी आधीच बसलेली होती. "ये गो बाय," ती म्हणाली, "जागा हाय." मग आम्ही तिघी. बाहेर खळ्यावर झोडणी चालू होती, पेंढी फळीवर आपटल्याचा धप् धप् आवाज दिवसभर येई, आणि आम्ही आत ढवळीच्या गोचिडी काढत बसलो. मी आयुष्यात इतक्या गोचिडी पाहिल्या नाहीत. कानांत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. काढून शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकायच्या, फट् करून फुटत. सगळ्या काढून झाल्या असं म्हणावं, तर सकाळी तितक्याच. काकीने कुडाचा गिलावा नखाने खरवडला तर आतल्या फटीत तिळासारखी बारीक पिल्लं ओळीने बसलेली. "यांचां घर हाय इथं," काकी म्हणाली, "आमीच पावने."

काही दिवसांनी ढवळीला ताप चढला. कान तव्यासारखे. मग तिची लघवी लाल व्हायला लागली, अगदी कातकऱ्यांनी खैराचा कात उकळल्यावर पाणी होतं तशी. आत्याने ती बघितली आणि म्हणाली, हा विटाळच, नुसता वाढलाय. तिच्या हिशेबात मागून जे काही जातं ते एकच. अंगावरून पिवळं आणि लघवीतून लाल, असे दोन रस्ते आणि दोन दुखणी असू शकतात हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मीही चौथीपर्यंत शिकले होते. चौथीपर्यंत हे नव्हतं.

माझे दिवस संपले, मी न्हाऊन घरात गेले. आणि एके दिवशी ढवळीचं जाणं थांबलं. एकदम थांबलं. पिवळं नाही, वास नाही, मागून अगदी कोरडी. आत्याला इतकं खूश मी फार कमी वेळा पाहिलंय. तिने स्वतः ढवळीवर गोमूत्र शिंपडलं, विहिरीचं पाणी ओतलं आणि तिला अंगणात आणून बांधलं. "सुटली गो एकदाची," म्हणाली, आणि तिला दूधभात घातला. ढवळीने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. पुढच्या काही दिवसांत तिचं पोट वाढायला लागलं. मग तर काय. सगळ्यांनी ठरवलं की ढवळी गाभण आहे. डुकरांवर जाणाऱ्या कुत्रीची पिल्लं म्हणून पार शेणवे गावापर्यंत बातमी गेली. माणसं येऊन पिल्लं सांगून जाऊ लागली. सापगावच्या एकाने तर आपल्या पिल्लाचं नावही ठरवून टाकलं. बाबा खुशीत होते. पिल्लांच्या बदल्यात कोणाकडून बियाणं मिळणार होतं, कोणाकडून कोंबडा.

मी पुढच्या महिन्यात गोठ्यात गेले तेव्हा काकी होतीच. ढवळी अंगणातून सरपटत, दोर ताणून, गोठ्याच्या दाराशी आली आणि पडली. काकीने तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या सोललेल्या दुधीसारख्या पांढऱ्या, डोळ्यांचं पांढरं ते पिवळं. मग तिने पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. ढवळी कण्हली.

"पिल्लं नायत ही," काकी म्हणाली.

"मंग काय हाय?"

"अडकलंय. वाहायचां ते आत अडकलंय. माझं असंच अडकलं होतां."

तिने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की जणू दोर विहिरीत अडकलाय. मग तिने घोंगडी काढली, ढवळीला तिच्यात गुंडाळलं आणि उभी राहिली. मी विचारलं कुठे. ती म्हणाली शहापूरला, गुरांच्या डाक्टरकडे. हा डॉक्टर पावसाळ्याआधी गुरांना बुळकांडीची सुई टोचायला आमच्या गावी आला होता. बैल बघायला गोठ्यात शिरला, तर तिथे काकी बसलेली. त्याने बैलाच्या नाकात बोटं घातली, मग काकीकडे वळून म्हणाला, "बाई, हात धुवायला पाणी द्या," आणि तिच्या हातून घेतलं. काकी बाहेरची आहे हे त्याला कळलं नाही की कळूनही त्याने काही केलं नाही, ते माहीत नाही. पण काकीच्या ओळखीचा डॉक्टर म्हणजे हा एकच.

मी तिच्याबरोबर निघाले. का, ते मला सांगता येणार नाही. बहुधा गोठ्यात एकटीने बसायचा कंटाळा. अंगणात आत्या वाळवण राखत बसली होती. बाकी सगळे खळ्यावर. तिने आम्हाला बघितलं आणि उठली.

"कुठं चाललात गो?"

"डाक्टरकडं," काकी म्हणाली. "ढवळी मरतंय."

"गाभन कुत्री मरतंय? आनि तुमी दोघी बाहेरच्या, रस्त्यानं चालनार? देवलावरनं? फिर मागं!"

काकी फिरली नाही. आत्या आडवी आली. आणि इथे तिची खरी पंचाईत झाली. आम्हाला अडवायचं तर धरावं लागणार, आणि धरायचं तर शिवावं लागणार. दोन विटाळशा, आणि त्यांनी शिवलेली कुत्री. काकी सरळ चालत पुढे आली तशी आत्या एकेक पाऊल मागे सरली, पार फाटकापर्यंत, आणि तिथून बाजूला झाली. मग मात्र ती ओरडली, खळ्यावर ऐकू जाईल असं:

"जातेस ना? जा! परत येशील तर कुत्री जिती घेऊन ये. नाय तर तशीच मुरबाडला जा, आईकडं. या घरात पाय ठेवू नुको!"

खळ्यावरची धप् धप् थांबली. बाबा वळून उभे राहिलेले दिसले. काकीने मान वर केली नाही. घोंगडीचं ओझं नीट केलं आणि चालू लागली. देवळापाशी मात्र ती रस्ता सोडून खालच्या बांधावरून गेली. काकी बंडखोर वगैरे नव्हती. तिला फक्त शहापूरला जायचं होतं.

शेणव्याच्या पुढे गवताची बैलगाडी मिळाली. गाडीवान म्हातारा होता. काकीने आधीच सांगून टाकलं, "आमाला शिवू नुको बाबा, बाहेरच्या हाव." त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "गवताला विटाळ नसतोय. वर चढा. मी हितं पुढं बसतो. फक्त माझ्याशी बोलू नुको." आणि मग शहापूर येईपर्यंत तोच बोलत होता, सगळा वेळ, आपल्या सुनेच्या कागाळ्या. आम्ही कबूल केल्याप्रमाणे गप्प राहिलो.

डॉक्टर तरुण होता, काडीसारखा, आणि दवाखान्यात त्या वेळी एक शेळी सोडून कोणी नव्हतं. त्याने ढवळीला टेबलावर घेतलं. हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, मागे बघितलं, एक गोचीड चिमट्याने काढून काचेवर ठेवली. मग आमच्या देखत कपाटातून जाडं पुस्तक काढलं आणि वाचत बसला. मला ते आवडलं. आमच्याकडचा वैदू कधी पुस्तक बघत नाही, म्हणून त्याचं कधी चुकत नाही.

"हिला दोन दुखणी आहेत," तो म्हणाला. "एक गर्भपिशवीत. पिशवी पुवाने भरलीय. आधी वाहत होती ना? मग थांबली?"

"थांबली," मी म्हणाले. "आत्या म्हनाली सुटली."

"वाहत होती तोवर बरं होतं. थांबली हेच वाईट. आता ते विष सगळं अंगात जाणार." मग त्याने ढवळीच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरला, रंग घातला आणि एका पितळी नळीतून बघू लागला. "आणि हे दुसरं. हे गोचिडीने दिलं. बघायचंय?"

मी बघितलं. गुलाबी टिकल्या पसरल्यासारख्या दिसत होत्या आणि काही टिकल्यांच्या आत निळसर दाणे, दोन दोन, टोकाला टोक चिकटवलेले, भोपळ्याच्या बियांसारखे. हे किडे रक्त फोडतात आणि म्हणून लघवी लाल, असं त्याने सांगितलं. काकी बघायला तयार झाली नाही. "हायत ना? मंग बस," म्हणाली.

त्याने विचारलं कुत्री कुठे बांधता. मी सांगितलं. का बांधता, तेही सांगितलं. त्याने चिमटा पुसून ठेवला. "कुत्र्यांची गोचीड कुडाच्या फटीत घर करते," म्हणाला. "अंगणात असती तर एकच दुखणं असतं." मग खरी अडचण सांगितली. पिशवी कापून काढायला हवी, नाहीतर मरेल. पण अंगात रक्तच नाही, आत्ता कापली तर टेबलावरच मरेल. रक्त सुधारेपर्यंत थांबावं, तर तोवर पू मारेल. "दोन्ही बाजूंनी फास आहे," तो म्हणाला. "घेऊन जायची असली तर घेऊन जा. कोणी काही म्हणणार नाही."

"घेऊन जाऊन कुठं?" काकी म्हणाली. "जिती नेली तर घरी जाऊ शकते. मेली तर मुरबाड. तुमी करा काय ते."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "थांबलंय हे वाईट, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोनी नाय. मला म्हायती हाय."

त्याने पुढे विचारलं नाही. मला वाटतं तो चांगला डॉक्टर होणार होता. शिवाय मुंबईला त्याने पिशवी काढताना पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. त्याला शिकायला कुत्री हवी होती, आम्हाला कुत्री जगायला हवी होती. असं जमलं.

आधी त्याने कसलंसं औषध टोचलं, नळी घातली, पोट शेकायला सांगितलं. आम्ही दवाखान्याच्या पडवीत विटांची चूल मांडली, पाणी तापवलं, फडकी पिळून लावत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ढवळीच्या मागून पू यायला लागला. भळाभळा. वासाने शेळी ओरडायला लागली. काकी आनंदाने रडली, आणि मी म्हणाले, "आला गो आला!" त्या दिवशी आमच्याइतकं खूश शहापुरात कोणी नसेल. मग डॉक्टरने निळं औषध काढलं. बैलांच्या लाल लघवीवर वापरायचं म्हणून ठेवलेलं होतं, शाईसारखं. ते त्याने ढवळीच्या शिरेत हळूहळू सोडलं.

संध्याकाळपर्यंत ढवळी निळी झाली. पांढरी कुत्री असल्यामुळे लपायला जागाच नव्हती. हिरड्या निळ्या, डोळे निळे, पोटाची कातडी नीळ घातलेल्या धोतरासारखी, आणि लघवीही हिरवीनिळी. डॉक्टर म्हणाला हे असंच होतं, पुढे जाईल. पण बाजाराला आलेल्या माणसांना कोण सांगणार. पडवीपुढे गर्दी जमली. एकजण म्हणाला हिने विष पचवलं, शंकरासारखं. एका बाईने लांबून कुंकू टाकलं. मुलं विचारत होती, हिची पिल्लं निळी होणार काय. ढवळी मात्र उठून पेज प्यायली. रोज थोडी जास्त. काकी रोज ओठ वर करून बघे, पण निळ्या हिरड्यांवर लाली आली की नाही, कळेना. डॉक्टरलाही कळेना. शेवटी तो काचेवरच्या रक्तात बघून म्हणाला, किडे गेले, आता उद्या कापू. माझे चार दिवस तिथेच कधीतरी संपले. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काकी तिथे सगळ्यांना शिवली. काही झालं नाही.

कापायच्या दिवशी बाबा आले, आणि काका लाइनीवरून. कोणीतरी निरोप पोचवला असणार. बाबा अवघडून उभे होते. घरी आत्या म्हणत होती की काकीने गाभण कुत्री उचलून नेली आणि आता डॉक्टर पिल्लं मारणार. बाबांनी डॉक्टरला सरळ विचारलं, "सायेब, पिल्लं हायत का नायत?"

"उघडल्यावर बघा."

"बघतोच. माझ्या घरात दोघींतली एक खरी ठरायची हाय."

कंपाउंडर क्लोरोफॉर्मचा बोळा धरून, काकी मागचे पाय धरून. काका बाहेर जाऊन बिडी ओढत होता. एक संपली की दुसरी. डॉक्टरच्या कपाळावरचा घाम मी पुसला. त्याने आत हात घातला आणि काहीतरी ओढून बाहेर काढायला लागला, ते संपेचना. पडवळासारखे दोन फाटे, गाठी गाठी, करड्या रंगाचे, टरटरून फुगलेले. बांधून, कापून त्याने ते घमेल्यात टाकलं. बाबांनी घमेल्यात वाकून पाहिलं. डॉक्टरने सुरीचं टोक लावलं, आणि बाबा दोन हात मागे उडाले.

"नायत," बाबा म्हणाले. नाकावर उपरणं धरून ते काकीकडे वळले. भावाच्या बायकोशी ते कधी थेट बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत, मलाच म्हणाले, "काकीला सांग, घरी चल म्हनावं."

काकी पाय धरूनच होती. "आधी ही जागी होऊ दे," ती म्हणाली, तेही मलाच. ढवळी संध्याकाळी जागी झाली आणि सगळ्यात आधी डॉक्टरला चावली.

आमच्या पंचक्रोशीत पिशवी काढलेली पहिली बाई म्हणजे ढवळी. आता आमच्या भागात माझ्या वयाची पिशवी असलेली बाई शोधावी लागते. माझीही काढली, कल्याणला. डॉक्टरीण म्हणाली, आजी, घाबरू नका. मी म्हणाले, घाबरत नाही, घमेल्यात पाहिलीय. तिला वाटलं भुलीचा अंमल.

टाके सुकल्यावर आम्ही घरी आलो, गाडीत बसून, रस्त्याने, देवळावरून. आत्या उंबऱ्यात उभी होती. ढवळी उतरली आणि आपल्या पायांनी अंगणात गेली. आत्याने काकीकडे पाहिलं नाही. चुकलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि ती म्हणेल असं कोणाला वाटलंही नाही. ती बाबांना म्हणाली, "पिशवीच काढली? म्हंजे हिचं आता परत कधीच जायाचां नाय?"

"नाय."

"माज बी नाय?"

"डाक्टर तरी नाय म्हनतो."

आत्याने ढवळीकडे लांबूनच वाकून पाहिलं. पोटाची कातडी अजून निळसर होती. मग ती आत गेली आणि एक गोणपाट घेऊन आली. ते तिने चुलीच्या उबेला अंथरलं. "आत घ्या तिला," म्हणाली. "भायेर गार हाय." बाबा म्हणाले, आक्का, कुत्री घरात? आत्या म्हणाली, "विटाल नाय, काय नाय. अशी सोवली या घरात मी एक नि आता ती."

सापगावच्या त्या माणसाने पिल्लासाठी आगाऊ दिलेला कोंबडा बाबांनी परत केला. काकी घरात राहिली, म्हणजे जेवढे दिवस ती घरात असे तेवढे. आत्याने तिच्याजवळ पुन्हा मुरबाडचं नाव काढलं नाही. गोठ्याचा मागचा कूड बाबांनी पाडून जाळला आणि नवा घातला, पण गोठ्यात बसायचं काही सुटलं नाही. ते सुटायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि ते कोणाच्या डोक्याने नाही, गोठाच पडल्यामुळे सुटलं.

त्या थंडीतलं मला आठवतं ते एवढंच. काकी आणि मी पुन्हा गोठ्यात. घरातून बोंबील भाजल्याचा वास येत होता. ढवळी मागच्या दारात आली, आमच्याकडे बघून शेपूट हलवलं. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला, आम्हाला तिने तसा कधी लावला नव्हता: "ये गो माझे बाय, भाकर देते." ढवळी वळली आणि आत गेली.

"गेली की गो," मी म्हणाले.

"जाऊ दे," काकी म्हणाली. "तिथं गोचीड नाय."